पितृपक्षात विसार द्यावा का? घरखरेदीचे हंगाम आणि गृहकर्जाचे गणित

ओंजळ | २ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज दुपारी गौरींचे विसर्जन झाले आणि संध्याकाळच्या चहाबरोबर घरात पुन्हा तोच विषय निघाला, म्हणून अखेर येथे धागा काढते आहे.

परिस्थिती थोडक्यात सांगते. पुण्यात कर्वेनगरमध्ये आम्ही एक जुनी सदनिका पाहिली आहे. इमारत अठरा वर्षांची, दुसरा मजला, दोन खोल्या, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर. जूनमध्ये मालकांनी ९२ लाख सांगितले होते आणि एक रुपयाही कमी करायला ते तयार नव्हते. गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. त्यांनी दुसरीकडे नवे घर घेतले आहे आणि त्याचा मोठा हप्ता सप्टेंबरअखेर द्यायचा आहे. सर्वपित्री अमावास्येपूर्वी, म्हणजे २१ सप्टेंबरच्या आत विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिला तर ते ८८ लाखांना तयार आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की पितृपक्षात विसार द्यायचा नाही, दसऱ्याला द्यावा. एजंटाचेही म्हणणे दसऱ्याला थांबा असेच आहे, पण त्याचे कारण निराळे. तो म्हणतो की सणासुदीत बँका व्याजदर उतरवतात आणि आज घाई केली तर ती सवलत हातची जाईल. त्याच वेळी तोच गृहस्थ असेही सांगतो की दसऱ्यानंतर भाव चढतील. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून ऐकल्यावर माझा गोंधळ वाढला.

आम्हाला साधारण ६० लाखांचे कर्ज लागेल आणि जुलैतच एका बँकेचे तत्त्वतः मंजुरीपत्र घेऊन ठेवले आहे. माझे प्रश्न दोन. घरांच्या बाजाराला खरोखर हंगाम असतो का, आणि असलाच तर तो भावाचा असतो की केवळ गर्दीचा? दुसरे म्हणजे, कर्जाचा व्याजदर सणासुदीला उतरतो, यात तथ्य किती?

एक गोष्ट मात्र आम्ही हंगाम न पाहता केली आणि ती उपयोगी पडली. ऑगस्टच्या मध्यात जोराचा पाऊस लागला होता, तेव्हा मुद्दाम पुन्हा घर पाहायला गेलो. जूनमध्ये कोरडी दिसलेली मागच्या खोलीची भिंत, कपाट हातभर पुढे सरकवल्यावर, गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओली होती आणि रंगाचे पापुद्रे सुटले होते.

---

दस्तलेखक | ३ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:१५

मी मुंबईत दस्त तयार करून नोंदवून देण्याचे काम गेली बावीस वर्षे करतो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर अनुभवाने बोलू शकतो. हंगाम असतो, परंतु लोक समजतात तसा एकच नसतो. पंचांगाचे एक वेळापत्रक, सरकारचे दुसरे आणि शाळांचे तिसरे अशी तीन वेळापत्रके एकमेकांवर पडलेली असतात आणि त्यांच्या बेरजेला आपण हंगाम म्हणतो.

पंचांगाचे सर्वांना ठाऊक आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीतला पाडवा या दिवसांच्या आगेमागे बिल्डरांच्या कार्यालयांत पेढे वाटले जातात; पितृपक्ष, पौष आणि अधिक मास यांत शुकशुकाट असतो. पण ही गर्दी नोंदणीची नसून बुकिंगची असते, हे लक्षात घ्या. दसरा आणि गुढीपाडवा या सार्वजनिक सुट्ट्या आहेत, त्या दिवशी दुय्यम निबंधकाचे कार्यालय सहसा बंदच असते. मुहूर्तावर धनादेश दिला जातो आणि दस्त नोंदवला जातो तो त्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी.

सरकारी वेळापत्रक याहून जबरदस्त आहे. रेडी रेकनरचे दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले जागांचे दर, पूर्वी १ जानेवारीला बदलत, २०१६ पासून ते १ एप्रिलला बदलतात. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या वेळा उरत नाहीत. यंदा १ एप्रिलला राज्यात सरासरी ४.३९ टक्के वाढ झाली, त्यात मुंबईची ३.३९ आणि पुणे महापालिकेची ४.१६ टक्के होती. त्याआधी दोन वर्षे दर जैसे थे होते, तरीही त्या दोन्ही मार्चमध्ये लोक धास्तीने रांगेत उभे होतेच. गंमत अशी की त्यांतल्या पुष्कळांना वाढ झाली असती तरी एक रुपयाचाही फरक पडला नसता. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. आपला करार ८८ लाखांचा असेल आणि रेडी रेकनरने त्या सदनिकेची किंमत ७० लाख येत असेल, तर ती ७३ झाली काय आणि ७५ झाली काय, शुल्क ८८ वरच भरायचे आहे. शिवाय दस्तावर ३१ मार्चच्या आत शुल्क भरून सह्या झाल्या असतील तर नोंदणीसाठी पुढे चार महिन्यांची मुदत मिळते. ही साधी माहिती कोणी सांगत नाही, कारण घाई सर्वांच्याच सोयीची असते.

सरकारी वेळापत्रक पंचांगावर कशी मात करते, याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२० सालचे आहे. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्के सवलत दिली. त्या सप्टेंबरात आधी पितृपक्ष आणि लगेच अधिक आश्विन आला होता, म्हणजे रूढीप्रमाणे व्यवहाराला ओळीने दीड महिना बंदी! प्रत्यक्षात मुंबईतील नोंदण्या ऑगस्टमधील सुमारे २ हजार ६०० वरून सप्टेंबरात साडेपाच हजारांवर गेल्या आणि डिसेंबरात, सवलतीचा मोठा टप्पा संपताना, १९ हजारांच्या पुढे पोहोचल्या. त्या ३१ डिसेंबरला मी रात्री साडेदहा वाजता शेवटचा दस्त स्कॅन होताना पाहिला आहे.

---

शंकेखोर | ३ सप्टेंबर २०२५, दुपारी १:०५

२०२० चे उदाहरण मला तितकेसे पटत नाही. ऑगस्ट २०२० मधला २ हजार ६०० हा आकडाच टाळेबंदीमुळे खाली गेलेला होता. तुंबलेले दस्त पुढे सरकणारच होते, त्यात सवलतीचा वाटा किती आणि मोकळे झाल्याचा किती, हे कसे वेगळे करणार?

---

दस्तलेखक | ३ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:३०

शंका रास्त आहे. सप्टेंबरपुरते आपले म्हणणे मान्य करतो. परंतु सवलत तीनवरून दोन टक्क्यांवर आल्याबरोबर जानेवारी २०२१ मध्ये नोंदण्या १० हजारांच्या आसपास उतरल्या आणि सवलत पूर्ण संपताना मार्चमध्ये पुन्हा १७ हजारांच्या पुढे गेल्या. हा चढउतार तुंबलेल्या दस्तांचा नाही, तारखांचा आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ३ सप्टेंबर २०२५, रात्री ८:५०

ओंजळताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली अखेरची नऊ कर्जविभागात.

व्याजदराला सणवार ठाऊक नसतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी जोडलेली असणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, निवडला. आपला दर म्हणजे रेपो अधिक बँकेने लावलेला फरक, ज्याला आमच्या भाषेत स्प्रेड म्हणतात. रेपो ठरतो तो रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या बैठकीत, साधारण दर दोन महिन्यांनी. यंदा ७ फेब्रुवारीला तो ६.५० वरून ६.२५ झाला, ९ एप्रिलला ६ आणि ६ जूनला एकदम अर्धा टक्का उतरून ५.५० झाला. फेब्रुवारीत माघ होता आणि जूनमध्ये ज्येष्ठ; दोन्ही वेळा ना दसरा होता ना दिवाळी. उलट ४ मे २०२२ रोजी, ठरलेली बैठक नसताना, रेपो अचानक ४ वरून ४.४० केला गेला, त्याच्या आदल्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती. मुहूर्तावर कर्ज उचललेल्यांना दुसऱ्याच दिवशी ही बातमी ऐकावी लागली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो दर ६.५० वर जाऊन बसला.

मग सणासुदीच्या जाहिराती कशाच्या असतात? बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या माफीच्या. आपल्या ६० लाखांच्या कर्जाला हे शुल्क बँकेनुसार साधारण १० ते २५ हजारांच्या घरात येईल. आता हे गणित पाहा. वीस वर्षांच्या मुदतीला साडेसात टक्क्यांनी मासिक हप्ता ४८ हजार ३३६ रुपये येतो. दर केवळ दशांश टक्क्याने वाढून ७.६० झाला तर हप्ता ४८ हजार ७०३ होतो. फरक महिन्याला ३६७ रुपयांचा, पण २४० हप्त्यांत तो ८८ हजारांच्या पुढे जातो. म्हणून प्रक्रिया शुल्क माफ करून घेण्यात शक्ती घालवण्यापेक्षा स्प्रेड कमी करून घेण्यासाठी शाखेत बसून घासाघीस करावी. रेपो सर्वांना सारखाच असतो, स्प्रेड मात्र पतगुणांकाप्रमाणे आणि बँकेच्या गरजेप्रमाणे ठरतो. एकदा ठरलेला स्प्रेड बँकेला मनास येईल तेव्हा वाढवता येत नाही, ही त्यातली जमेची बाजू. खरोखर स्प्रेडमध्येच सूट देणारे सण कधीतरी येतात. २०२१ च्या सप्टेंबरात रेपो ४ टक्के असताना काही बँकांनी साडेसहा ते पावणेसात टक्क्यांपर्यंत दर खाली आणले होते. पण त्यामागे स्वस्त पैसा आणि कर्जे वाटण्याची चढाओढ होती, दसरा हे निमित्त.

ही सगळी चर्चा बँकांची. गृहवित्त कंपन्यांना रेपोशी जोडण्याचे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो आणि उतरताना तो रेंगाळतो, असा अनुभव आहे.

बँकेचा खरा हंगाम एकच, मार्चअखेर. तेव्हा उद्दिष्टे पूर्ण करायची असतात, त्यामुळे फाईल वेगाने हलते, पण तो वेग ग्राहकाच्या हिताचा असतोच असे नाही. एका वर्षी ३१ मार्चला रात्री नऊ वाजता आम्ही एका जोडप्याच्या कर्जाचा पे ऑर्डर काढला, आकडा त्या वर्षात धरला जावा म्हणून. विक्रेत्याने ताबा दिला मेच्या अखेरीस. ते दोन महिने त्या जोडप्याने भाडेही भरले आणि व्याजही. तो पे ऑर्डर आम्ही आठवडाभर थांबून काढला असता तर कोणाचेही अडत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

---

ओंजळ | ४ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:२०

काका, मनापासून आभार. म्हणजे माझ्या हातात असलेल्या दोन गोष्टी अशा दिसतात की विक्रेत्याने देऊ केलेले चार लाख निश्चित आहेत आणि बँकेची संभाव्य सवलत फार तर पंचवीस हजारांची आहे. तरीही एक शंका उरते. नंतर रेपो आणखी उतरला तर आज कर्ज घेतल्याचे नुकसान होईल का?

---

निवृत्त_शाखाधिकारी | ४ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:००

होणार नाही. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावाच लागतो, त्यामुळे रेपो उतरला की आपलाही उतरेल. चढला तर चढेलही, आणि तो धोका दसऱ्याला घेतलेल्या कर्जालाही तितकाच आहे. दर बदलल्यावर हप्ता बदलायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क आपल्याला रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दिला आहे. बँक विचारल्याशिवाय मुदत वाढवून टाकते, तिकडे लक्ष ठेवा. मुदतपूर्व परतफेडीवर वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जाला दंड नाही, तेव्हा पुढे दुसरी बँक खरोखर स्वस्त वाटली तर जाताही येते.

---

शंकेखोर | ४ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:४५

काल रात्री वस्तू व सेवा कर परिषदेचा निर्णय आला. २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून, सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के होणार आहे. आता प्रत्येक एजंट म्हणेल की थांबा, घरे स्वस्त होणार. बांधकाम चालू असलेल्या घरावरचा ५ टक्के कर तसाच राहिला आहे. बिल्डरला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नसल्याने सिमेंटच्या करातील घट त्याच्या खर्चात दिसेल हे खरे, परंतु ती आपल्या किमतीत उतरवायची की स्वतःच्या नफ्यात ठेवायची, हे तो बाजार पाहून ठरवेल. ओंजळ यांचे घर तर अठरा वर्षे जुने आहे, त्याचे सिमेंट कधीच वाळले आहे, आणि जुन्या घराच्या विक्रीला हा कर लागतच नाही.

---

वऱ्हाडकर | ४ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ६:३०

पुण्या-मुंबईच्या चर्चेत आमच्या अकोल्याकडची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे घरांपेक्षा प्लॉटचा बाजार मोठा आहे आणि त्याचा हंगाम कपाशी ठरवते. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन घरात येते, त्या पैशातून फार तर विसार दिला जातो. कापसाची वेचणी दिवाळीपासून सुरू होते आणि भावाची वाट पाहत लोक तो घरात भरून ठेवतात, त्यामुळे खरेदीखते होतात ती संक्रांतीनंतर, कधी फेब्रुवारीत. माझ्या वडिलांनी घेतलेल्या प्लॉटच्या विसारपावतीवर शाईने लिहिले होते, ‘उर्वरित रक्कम कापूस विकल्यावर’. त्यावर तारीख नव्हती आणि ती कोणी मागितलीही नाही. आमच्या गल्लीत पौष महिना अशुभ मानणारे आहेत, पण कापसाला भाव मिळाला आणि समोरचा खरेदीखताला तयार असला तर पौषातही सही होते. पावसाळ्यात मात्र कोणी जमीन पाहायलाच जात नाही, कारण काळ्या मातीत चप्पल अडकते. खरे तर तेव्हाच जावे, पाणी कुठे साचते ते कळते. ओंजळ यांनी कपाट सरकवून पाहिले ते फार योग्य केले.

---

हडसनपार | ५ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:१०

मी न्यू जर्सीत राहतो. इकडचा हंगाम अगदी उघड आहे: एप्रिल-मेमध्ये घरे विक्रीला निघतात, शाळा सुटल्यावर जूनपासून व्यवहार पूर्ण होतात आणि नोव्हेंबर ते जानेवारी बाजार गारठतो. थंडीत घर विकायला काढणारा माणूस बहुधा गरजू असतो आणि गिऱ्हाईकही मोजकेच असते, त्यामुळे घासाघीस तेव्हाच जमते. पितृपक्षातच विसार मागणारे ओंजळ यांचे विक्रेते मला त्याच जातीचे वाटतात.

कर्जाच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांत मोठा फरक आहे. येथे तीस वर्षांचा दर पहिल्या दिवशी ठरतो तो अखेरपर्यंत तसाच राहतो, आणि तो मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या मागे चालतो. गेल्या वर्षी सप्टेंबरात फेडरल रिझर्व्हने अर्धा टक्का कपात केली तेव्हा गृहकर्ज ६.१ टक्क्यांच्या आसपास होते. नोव्हेंबरात ते ६.८ वर गेले होते! जानेवारी २०२१ मध्ये सरासरी दर २.६५ होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. ज्यांनी तीन टक्क्यांच्या आत कर्ज घेतले ते आता घर सोडायलाच तयार नाहीत, कारण नव्या घराला दुप्पट दर पडेल. परिणामी गेली दोन-तीन वर्षे वसंत येतो, पण विक्रीची घरे फारशी येत नाहीत.

एक प्रश्न दस्तलेखक यांना. इकडे घरविक्रीचे मासिक आकडे हंगामाचा परिणाम वजा करून दिले जातात. मुंबईच्या नोंदण्यांचे जे आकडे दर महिन्याला वर्तमानपत्रांत येतात, त्यांत असे काही केलेले असते का?

---

दस्तलेखक | ५ सप्टेंबर २०२५, दुपारी २:४०

नसते, आणि त्यामुळेच दर महिन्याच्या मथळ्यांकडे पाहून मला हसू येते. आकडे इंग्रजी महिन्यांचे आणि गिऱ्हाईक चांद्र महिन्यांचे! २०२४ मध्ये पितृपक्ष १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर होता. त्या सप्टेंबरात मुंबईत ९ हजार १०० च्या आसपास नोंदण्या झाल्या आणि ऑक्टोबरात जवळजवळ १३ हजार. पेपरांनी आधी ‘मंदी’ छापली, मग ‘तेजी’. बदलले काहीच नव्हते, लोक अमावास्या उलटण्याची वाट पाहत होते. यंदा पितृपक्ष २१ तारखेलाच संपतो आणि नवरात्राचे पहिले नऊ दिवस सप्टेंबरातच पडतात. म्हणजे मागच्या वर्षीचा अर्धा सुना सप्टेंबर आणि यंदाचा घटस्थापनेसह येणारा सप्टेंबर यांची तुलना होईल आणि घसघशीत वाढ दाखवली जाईल. पाडव्याचेही तसेच. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, यंदा ३० मार्चला आला, त्यामुळे यंदाच्या मार्चच्या आकड्यात सरकारी गर्दी आणि मुहूर्ताची गर्दी एकत्र आली. ज्यांना खरा कल पाहायचा असेल त्यांनी सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांची बेरीज करून मागील वर्षीच्या त्याच बेरजेशी ताडून पाहावी. निदान पितृपक्ष, दसरा आणि दिवाळी तिन्ही तिच्यात येतात.

ओंजळताई, हंगामाशी संबंध नसलेली, पण चार लाखांच्या शोधात निसटू शकणारी एक गोष्ट सांगतो. पुण्यात सध्या मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के पडते. घर केवळ आपल्या एकटीच्या नावे घेतले तर महिलांची एक टक्का सवलत मिळून ते ६ टक्के होईल. ८८ लाखांवर हा फरक ८८ हजारांचा आहे आणि तो बाराही महिने मिळतो. मात्र यजमानांचे नाव सहखरेदीदार म्हणून जोडले की सवलत गेली. विक्रेत्याला रक्कम देताना एक टक्का आयकर कापून भरायचा आहे, कारण किंमत ५० लाखांच्या वर आहे. तेही विसरू नका.

---

शंकेखोर | ५ सप्टेंबर २०२५, दुपारी ४:२५

त्यात एक मेख आहे. यजमान मालक नसतील तर कर्जाचा हप्ता त्यांच्या पगारातून गेला तरी व्याजाची दोन लाखांची वजावट त्यांना मिळणार नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून मगच ठरवा.

---

ओंजळ | ५ सप्टेंबर २०२५, रात्री १०:००

आम्ही दोघेही नव्या करप्रणालीत आहोत, तेथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाला ती वजावट नाहीच. तेव्हा माझ्या एकटीच्या नावावर घेण्यात आमचे काही जात नाही, उलट सासूबाई या बातमीने अनपेक्षितपणे खूश झाल्या आहेत. सर्वांचे आभार. काय ठरते ते येऊन सांगते.

---

ओंजळ | ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११:३०

सांगते म्हटले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंशी वाद न घालता मी त्यांना एवढेच विचारले की नक्की कशाची अडचण वाटते. तेव्हा कळले की त्यांचा विरोध पैशाच्या व्यवहाराला नव्हता. सासऱ्यांचे श्राद्ध अष्टमीला असते आणि त्याआधी घरात नव्या वास्तूचा विषय चालू राहणे त्यांना जड जात होते. १४ सप्टेंबरला श्राद्ध झाले. संध्याकाळी भांडी आवरताना त्या स्वतःच म्हणाल्या, “यांना स्वतःचे घर व्हायला हवे होते, तुम्ही उगाच थांबू नका.” १६ तारखेला विसार दिला.

ओल्या भिंतीचे छायाचित्र दाखवून मी आणखी पन्नास हजार कमी करून मागितले आणि मालकांनी फारशी खळखळ केली नाही, त्यामुळे किंमत ८७ लाख ५० हजारांवर ठरली. साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, नोंदणीसाठी २२ सप्टेंबर, घटस्थापनेचा दिवस, पाहिला, तर त्या दिवसाच्या सर्व वेळा आधीच भरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ मिळाली. तरीही कार्यालयात पाऊल ठेवायला जागा नव्हती. प्रणाली तासभर बंद पडली, विक्रेत्याच्या वृद्ध आईचा अंगठा तीनदा नीट उमटला नाही आणि आमच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ घड्याळ पाहत राहुकाळ लागण्याची भीती व्यक्त करत होते. शुल्क ५ लाख २५ हजार आणि नोंदणी फी ३० हजार भरली. आठवड्याभरापूर्वी, पितृपक्षात आलो असतो तर बसायला खुर्ची मिळाली असती, असे तेथल्या शिपायाने सांगितले.

बँकेत काकांच्या सल्ल्याप्रमाणे प्रक्रिया शुल्काचा विषय बाजूला ठेवून स्प्रेडवरच बोलले. पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र समोर ठेवल्यावर पाच शतांश टक्के कमी झाले, आणि मग प्रक्रिया शुल्कही सणाच्या योजनेत आपोआप माफ झाले. २९ तारखेला रक्कम विक्रेत्याच्या खात्यात गेली, त्यांचा हप्ता वेळेत भरला गेला. १ ऑक्टोबरच्या बैठकीत रेपो ५.५० वरच राहिला, त्यामुळे दसऱ्याला थांबून व्याजात काहीच पदरात पडले नसते.

दस्तलेखक, आपले भाकीत खरे ठरले. परवाच वाचले की मुंबईत सप्टेंबरच्या नोंदण्या १२ हजारांच्या पुढे गेल्या आणि मागच्या वर्षीपेक्षा वाढ ३२ टक्के. एजंटाने ती बातमी मला पाठवून खाली लिहिले आहे, ‘सांगितले होते ना, भाव चढणार’.

किल्ली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाती आली. वास्तुशांत मार्गशीर्षात करायचे ठरले आहे. मागच्या खोलीची भिंत खरवडून उघडी ठेवली आहे, बाहेरून पाइपाचा सांधा बदलला आहे, आणि भिंत वाळायला दिवाळी उलटेल, तोवर पुट्टीला हात लावणार नाही, असे रंगारी म्हणतो.